तिसऱ्या हाकेपर्यंत

निर्मनुष्य शहरांच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना माकडं माहीत नसतात, हे माझं ठाम मत आहे. गेल्या काही वर्षांत मी असल्या कादंबऱ्या ढिगाने वाचल्या. सगळं जग ओस पडतं, काचेच्या इमारती तशाच उभ्या राहतात, रिकाम्या रस्त्यावरून एक नायक बूट वाजवत हिंडतो, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकही माकड छपरावरून उडी मारत नाही. आमच्या वाडीत यावं या लोकांनी. माणूस घराला कुलूप घालून एसटीच्या थांब्यावर पोचलेला नसतो, तोवर त्याच्या पपईवर कळप बसलेला असतो. पुढच्या पावसाळ्यात परसात रानडुक्कर येतो आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात रानच येतं. ओसाडी म्हणजे शांतता नव्हे. ओसाडीत फार गडबड असते, फक्त तिच्यात माणसाचा आवाज नसतो.

मी गुहागर तालुक्यातल्या एका आतल्या वाडीत राहते. इथल्याच शाळेत शिकवत होते. आधी मुलं संपली, मग शाळा बंद झाली, मग मी निवृत्त झाले. माझे यजमान लोट्याला एका कारखान्यात पाळीला जायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. वाडीत घरं भरपूर आहेत, चांगली चिऱ्याची, वर स्लॅब टाकलेली, रंग दिलेली. माणसं सगळी मुंबईला. गणपतीला येतात, शिमग्याला येतात, बाकी वर्षभर कुलपं.

पण दिवे लागतात. चोरांच्या भीतीने आता सगळ्यांनी पडवीतल्या दिव्यांना आपोआप चालू होणारी घड्याळं बसवून घेतली आहेत. तिन्हीसांजेला मी घरापुढच्या खळ्यात उभी असते आणि एकेक पडवी उजळत जाते. घाटीच्या चढावरून बघणाऱ्याला वाटावं, काय भरलेली वाडी आहे! रात्री ते सगळे दिवे एकाच वेळी विझतात, जेवणं आटोपून वाडी निजली असावी तसे. वीज जाऊन आली की ती घड्याळं चुकतात. मग एखादं घर भर दुपारी दिवा लावून बसतं. त्या घरावरून जाताना माझी मान आपोआप खाली जाते. घरात कोणी नाही हे मला पक्कं माहीत असतं, आणि तेच नको वाटतं.

या वाडीत खरोखर राहणाऱ्या आम्ही दोघीच. मी, आणि माझी थोरली जाऊ. मी तिला वहिनी म्हणायचे, ती मला बाय म्हणायची. माझ्या खळ्यातून तिची पडवी दिसायची. तिला एकच मुलगा, तो मुंबईला. आईने आपल्याकडे येऊन राहावं म्हणून तो सारखा मागे लागलेला असायचा, आणि वहिनी म्हणायची, "माज्या घरात मी मरंन." तिला जायचं नव्हतं, आणि तिने जाऊ नये म्हणून मी देव पाण्यात घालून बसलेली. माझा स्वार्थ उघड होता. वहिनी गेली की उरणार मी आणि ते दिवे.

वाचन आमचं दुपारचं. जेवणं उरकली की मी पुस्तक घेऊन तिच्या पडवीत जायचे. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन फसलं होतं, अक्षर दिसायचं नाही. पण हात रिकामे ठेवणं तिला जमत नसे. तांदूळ निवड, कुळीथ पाखड, वैशाखात आमसुलांसाठी रातांबे फोड. मी वाचायची, ती ऐकायची. महिन्यातून एकदा मी एसटीने गुहागरला जाऊन वाचनालयातून पुस्तकं बदलून आणायचे. वाचनालयात आमची दोघींची नावं होती. माझ्या नावावर मी जगबुडीची आणायचे, वहिनीच्या नावावर प्रेमाची. वाचनालयातली मुलगी माझ्या पुस्तकांना 'डिस्टोपियन' म्हणते. वहिनी म्हणायची वाटोळ्याची. "आज काय वाचतस गो? वाटोळ्याचा की लफड्याचा?" असं ती विचारायची, आणि मी हवापाणी बघून ठरवायची. आभाळ भरून आलेलं असेल तर लफडं. कारण वाटोळ्याची गोष्ट काळोख्या दिवशी वाचायला वहिनीची मनाई होती.

प्रेमाच्या कादंबऱ्यांबद्दल माझ्या तक्रारी पुष्कळ आहेत. हल्ली बहुतेक भाषांतरं येतात, त्यांतल्या नायिकेचं हमखास पुस्तकांचं नाहीतर केकचं दुकान असतं. त्या दुकानात ती उसासे सोडते, खिडकीबाहेर बघते, नायकाला धडकते, फक्त विक्री करताना कधी दिसत नाही. नायकाचे दंड पानोपानी. दोघांत एक गैरसमज होतो, जो एका फोनने मिटला असता, आणि तो न मिटवता लेखिका आपल्याला दीडशे पानं ताटकळत ठेवते. मी वाचता वाचता चिडून म्हणायची, "अगं बये, विचार ना त्याला सरळ!" वहिनी शांतपणे सुपातला खडा काढायची आणि म्हणायची, "इचारलान तर गोष्ट सरंल. आनि मग तू माज्याकडं येनार कशाला?"

तिची मतं वेगळी असत. तिला दंडांचं काही नव्हतं. तिचा आक्षेप एकच, आणि तो जवळपास प्रत्येक नायिकेवर. "पैल्या हाकेला ओ देते गो ही! हिचा काय बरा व्हयाचा नाय."

आमच्याकडे तिन्हीसांजेनंतर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. लहानपणापासून प्रत्येकाला हेच शिकवलेलं. अंधार पडल्यावर बाहेरून आपल्या नावाने हाक आली, तर गप्प बसायचं. दुसरी आली तरी गप्प. जे माणूस नसतं त्याला दोनदाच हाक मारता येते. तिसऱ्यांदा हाक मारतो तो माणूस. मग ओ द्यायची, कडी काढायची. मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवलं आणि घरी येऊन तिसऱ्या हाकेची वाट पाहिली. यात मला कधी काही विसंगत वाटलं नाही.

वहिनीच्या संसाराची सगळी प्रेमकथा या नियमात बसलेली. माझे थोरले दीर हयात असताना मुंबईला कामाला. सणाला यायचे ते संध्याकाळच्या गाडीने, आणि घाटी उतरून वाडीत पोचेपर्यंत काळोख. खळ्याच्या पलीकडे उभं राहून ते तिला हाक मारायचे, सावकाश, मध्ये दम घेऊन, तीनदा. एकदा त्यांना चेष्टेची लहर आली आणि ते दोनदाच हाक मारून गप्प उभे राहिले. वहिनी आत चुलीपुढे बसून राहिली. बाहेर तो माणूस, आत ही, मध्ये दार. शेवटी त्यांनीच हरून तिसरी हाक मारली. हे मला वहिनीनेच सांगितलं, आणि सांगताना या वयात पदर तोंडाशी धरून हसली. "तिसऱ्या हाकंपतूर थांबल तो आपला," ती म्हणाली. ज्या कादंबऱ्यांच्या मागच्या पानावर 'अविस्मरणीय प्रेमकथा' असं छापलेलं असतं, त्यांत मला याच्या तोडीचं अजून काही सापडलेलं नाही.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी गणपतीच्या आधी मी दोन पुस्तकं आणली होती. वाटोळ्याचं होतं ते एका अशा गावाबद्दल, जिथे सरकारने प्रत्येक घराच्या भिंतीत एक कान बसवलेला असतो. रोज संध्याकाळी भिंत घरातल्या माणसाचं नाव पुकारते आणि त्याने 'मी आहे' असं म्हणायचं. म्हटलं नाही, तर सकाळी ते घर रिकामं. कल्पना बरी होती, पण पुढे नेहमीचं झालं. एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी सरकार उलथायला निघते, आणि सरकार उलथताना दोन मुलांपैकी आपल्याला कोणता आवडतो हे तिला ठरवता येत नाही. मला राग आला. वहिनीला मात्र ती भिंत आवडली. "ह्याच्यात वाटोळा कसला?" ती म्हणाली. "कोनतरी रोज इचारतंय ना, हायस काय म्हनून!" तिचा मुलगा तेव्हा आठवड्यातून एकदा फोन करायचा.

दुसरं पुस्तक प्रेमाचं, चांगलं जाडजूड. कुठल्याशा थंड देशातल्या बंदरावर राहणारी बाई. तिचा माणूस बोटीवर जातो आणि म्हातारा होऊन परत येतो. तिच्या फाटकाबाहेर उभा राहून हाक मारतो. ती पडद्याआड उभी. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. नायिका नुसती उभीच राहते, आणि लेखिका तिला मागच्या आयुष्यात फिरवून आणते. हे पुस्तक मला मनापासून आवडलं, कारण यात घाई नव्हती. वहिनी तर त्यात गुंतूनच गेली. दुपारी मला बघताच विचारायची, "ओ दिलीन काय?"

गणपतीला पुतण्या आला. पोरगा वाईट नाही. उलट फार काळजीचा. आई एकटी, डोळ्याने अधू, म्हणून त्याने पडवीच्या भिंतीत वर कॅमेरा बसवला. मुंबईतून फोनवर घर दिसणार, आणि बोलताही येणार. इंटरनेटसाठी सिमकार्ड घालायचा एक डबा आतल्या खोलीत ठेवला, दिव्याचं घड्याळ बसवलं. जाताना मला म्हणाला, "काकी, आता काळजी मिटली." वहिनीने भिंतीकडे बघून मला विचारलं, "ह्यो त्यातलाच काय गो? कान?" मी हो म्हटलं. तेव्हा आम्ही दोघीही हसलो.

तो मुंबईला पोचला त्या संध्याकाळी फणसाखाली टांगून ठेवलेला माझा फोन वाजला. "काकी, आईला बघा जरा! मी हाका मारतोय, ती ओ देत नाहीये. समोर बसलेली दिसतेय, पण हलत नाही." मी पायात चपला न घालता धावले. वहिनी पडवीत दिव्याखाली पाट घेऊन बसली होती, मांडीवर सूप, हात थांबलेले, ओठ मिटलेले. मला बघून तिचा जीव खाली पडला. "भिंतीतनं हाक येते गो," ती कुजबुजली. "त्याच्याच आवाजात. दोनदा आली. मी ओ दिली नाय."

मुलगा कामावरून सुटून घरी जायच्या घाईत. दोन हाका मारायचा, उत्तर नाही म्हणून घाबरून मला फोन लावायचा. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. त्याच्या ओळखीच्या डॉक्टरने त्याला सांगितलं की या वयात असं होतं, ऐकलेलं डोक्यापर्यंत पोचत नाही. मी त्याला समजावलं, "अरे, तू तिसरी हाक मार. तू इथलाच ना?" तो म्हणाला, "काकी, तुम्ही शिक्षिका होतात." पण त्याने तिसरी हाक मारली, आणि वहिनीने खणखणीत ओ दिली. "आय! … आय! … आय!" "ओऽ, बोल रे बाबा!" मला माझ्या खळ्यातून ऐकू यायचं. भिंत बोलतेय आणि म्हातारी तिला उत्तर देतेय, हे बघायला विचित्रच. पण त्या महिन्यात माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. वहिनी राहणार असं वाटत होतं.

मग भात कापणीच्या दिवसांत एका संध्याकाळी मी तिच्याकडेच बसले होते. पडवीतला दिवा नुकताच लागला होता. हाक आली, "आय." थोड्या वेळाने पुन्हा, "आय." आम्ही तिसरीची वाट बघत बसलो. मी तांदळातून हात काढून तयारीत, वहिनी मान वर करून. तिसरी आली नाही. पलीकडच्या बंद घरांचे दिवे एकेक लागत गेले, माकडं केव्हाच झाडावर चढली होती, आणि तिसरी हाक आलीच नाही. बऱ्याच वेळाने वहिनी म्हणाली, "ती त्याची नव्हती." आवाज तर त्याचाच होता.

मी फणसाखाली जाऊन फोन लावला, कारण माझ्या फोनला रेंज तिथेच येते. तो रात्री लागला. पुतण्या म्हणाला, मी आज हाक मारलेलीच नाही, सुटायला उशीर झाला आणि कामावर फोन जमा करून घेतात. त्याने फोनवर सगळं तपासलं. काही नोंद नाही. मी म्हटलं, मीही ऐकली. ते मी म्हणायला नको होतं असं नाही. खरं तेच होतं. पण तो हळू आवाजात म्हणाला, "काकी, तुम्ही दोघी दिवसभर ती पुस्तकं वाचता ना? भिंतीतून आवाज येतात वगैरे? आईनेच मला गोष्ट सांगितली. तुमचं ठीक आहे, पण ती म्हातारी आहे. तिच्या मनावर परिणाम झालाय."

पुस्तकांवर खापर फुटलं. भिंतीत कान बसवला याने, आणि दोष कादंबरीला! मी भांडले. पुतण्याशी भांडून भांडून माझा फोन तापला. पण तो मुलगा आणि मी नुसती काकी, माझं चालणार किती? दिवाळी झाल्यावर तो गाडी घेऊन आला.

वहिनीने रडारड केली नाही. देवापुढे नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, तुळशीला पाणी घातलं. मला किल्ली दिली आणि म्हणाली, "म्होरला वाचू नको हां एकटी." जाड पुस्तकाचा शेवट राहिला होता. म्हातारा अजून फाटकाबाहेर उभा होता. मी तोंडाने 'बरं' म्हटलं आणि गाडी घाटी चढेपर्यंत तिथेच उभी राहिले. मग घरी येऊन मनसोक्त रडले. मला तिची काळजी वाटत होती म्हणून रडले असं म्हणायला हवं, पण मी माझ्यासाठी रडले.

त्या संध्याकाळी वहिनीच्या पडवीतला दिवा आपोआप लागला. इतके दिवस तो एकच दिवा माझ्यासाठी खरा होता. आता तोही त्यांच्यातला झाला.

मी वाटोळ्याच्या कादंबऱ्या वाचणं बंद केलं. त्यांत भीती म्हणून जे जे लिहिलेलं असतं ते माझ्या खिडकीतून दिसत होतं, आणि त्यात एवढी धावाधाव मुळीच नव्हती. या लेखकांना वाटतं की शेवट मोठ्या आवाजाने येतो, सायरन वाजतो, सैनिक येतात. मी शेजारच्या कुलपांवर गंज चढताना बघत होते. कुणीही जुलूम केला नव्हता. सगळे प्रेमाने गेले होते, आईबापांना प्रेमाने घेऊन गेले होते, आणि घराची काळजी म्हणून दिवा लावून गेले होते.

काही दिवसांनी मी वहिनीच्या तुळशीला पाणी घालून परतत होते. दिवे लागले होते. मागून हाक आली, "बाय!"

मी जागीच थांबले, मागे बघितलं नाही. वाडीत मला बाय म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. "बाय!" दुसरी हाक. आवाज वहिनीचा, तिच्या बंद घरातून. हातातला तांब्या सुटला आणि मी देवाचं नाव घेऊ लागले. आणि मग तिसरी, जरा रागावलेली, "बाऽय! आयकतंस काय?"

"ओ!" मी केवढ्याने तरी ओरडले.

मुंबईत नातीने तिच्या हातात फोन दिला होता आणि कुठे बोलायचं ते दाखवलं होतं. तिकडे विसाव्या मजल्यावर ती काचेच्या दारात बसायची. "हितं सगळी दिवे लावून दारं लावतात," ती म्हणाली, "आपल्या वाडीसारकाच." मग लगेच, "पुस्तक आन. ओ दिलीन काय बगू."

त्या दिवसापासून मी तिच्या बंद घराच्या पडवीत, त्या आपोआप लागणाऱ्या दिव्याखाली बसून, भिंतीला कादंबरी वाचून दाखवू लागले. तीन हाका, ओ, आणि मग वाचन. आयुष्यभर मी पहिल्या तासाला मुलांना मोठ्याने वाचायला लावलं, पण ऐकणारा दिसत नसताना वाचणं वेगळं. मध्येच भिंतीतून खोकला यायचा. कधी हसू. कधी इतका वेळ काहीच नाही की मी थांबून विचारायचे, "वयनी, हायस ना?" आणि भिंत म्हणायची, "हाय गो, वाच तू." भिंतीतल्या कानाची कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला हे सुचलं नाही. कान म्हटला की त्याला गोष्ट हवी असते.

आम्ही दोघींनी पुस्तक लांबवायला सुरुवात केली. ठरवून नाही. ती म्हणायची, मागचं पान पुन्हा वाच, मला झोप लागली होती. मी म्हणायची, आज घसा बसलाय, थोडंच वाचते. वाचनालयातल्या मुलीने पुस्तकाबद्दल विचारलं तर मी विषय बदलून तिला नव्या कादंबऱ्यांवर माझं मत ऐकवायची. शेवटचं प्रकरण तसंच राहिलं. म्हातारा फाटकाबाहेर, बाई पडद्याआड. शिमगा आला, वाडी भरली, पुन्हा रिकामी झाली. वहिनीला यायचं होतं, पण प्रवास झेपणार नाही म्हणून तिला आणलं नाही.

आंबे संपता संपता, एका सकाळी, फणसाखाली फोन वाजला. पुतण्या होता. त्याला नीट बोलता येत नव्हतं. वहिनी पहाटे गेली. झोपेतच. सगळं दुपारी तिथेच उरकणार होते. "तुम्ही पोचणार नाही काकी," तो म्हणाला. "तुम्ही धावपळ करू नका." ते बरोबर होतं. मी आंघोळ केली. चूल पेटवली नाही. दिवसभर ओट्यावर बसून राहिले. माज्या घरात मी मरंन असं म्हणणारी बाई, विसाव्या मजल्यावर, काचेच्या आत. माझा पुतण्यावर राग होता आणि त्याच्या रडण्याने मला त्याची दयाही येत होती, आणि या दोन्हींचं काय करावं ते समजत नव्हतं.

तिन्हीसांज झाली. वाडीतले दिवे लागू लागले. तिच्या पडवीतला लागला, तशी मी उठले आणि सवयीने पुस्तक काखेत मारून निघाले. तिथे पोचल्यावर लक्षात आलं की आपण कुठे आलोय. तरी बसले. पडवी झाडलेली नव्हती, पाट तसाच होता. तिच्याशिवाय वाचायचं नाही असं कबूल केलेलं, म्हणून पुस्तक मिटलेलंच मांडीवर ठेवलं.

"बाय."

मी वर बघितलं. कॅमेऱ्याचा तो बारीक हिरवा ठिपका, जो कोणी पलीकडून बघत असलं की पेटतो, तो विझलेला होता.

"बाय."

जुनं काही साठलेलं त्या यंत्रात आपोआप वाजत असेल का, हे मी नंतरही कुणाला विचारलं नाही. नातीने फोन हातात घेतला असेल का, तेही नाही. तेव्हा मी एवढंच बघितलं की बाहेर पूर्ण अंधार पडला आहे, वाडीतले सगळे दिवे लागलेले आहेत, आणि मी तिसऱ्या हाकेची वाट बघते आहे. ती येणार नव्हती. लहानपणापासून मला शिकवलेलं सगळं सांगत होतं की ऊठ, मागे न बघता घरी जा, कडी लाव.

"ओ," मी म्हटलं. "हाय गो वयनी, मी हितंच हाय."

मग चष्मा लावला आणि शेवटचं प्रकरण उघडून मोठ्याने वाचायला लागले.